प्रताप नगरची सवारी

रुपराव गजभिये कुठलीही सवारी घ्यायचा, फक्त प्रताप नगरची घेत नसे. सदरच्या रिक्षा स्टँडवर हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्टेशन म्हणा, महाल म्हणा, मे महिन्याच्या उन्हात कामठी म्हणा, तो पायडलवर पाय ठेवायला तयार. प्रताप नगर म्हटलं की तो खाली वाकून आपल्या सायकलरिक्षाची चेन तपासू लागायचा. चेनीला काही झालेलं नसायचं. मी उभं आयुष्य रंगमंचावर काढलेली बाई आहे. न बिघडलेली चेन दुरुस्त करणारा माणूस मला शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतो.

हे चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचं सांगते आहे. मी सदरला राहायचे, तालमी सीताबर्डीला व्हायच्या, आणि नेणं-आणणं रुपरावकडे. कोणाला रंगभूषाकार लाभतो, कोणाला प्रॉम्प्टर. मला रुपराव लाभला होता. मी मागे बसून संवाद घोकायचे, तो पुढे पायडल मारत ऐकायचा आणि मान न वळवता निकाल द्यायचा. "बाई, आज तिसऱ्या अंकातलं रडनं जास्त झालं. मांगच्या हप्त्यात बरं होतं." दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी रिक्षातून उतरले असते. त्याचं ऐकायचे, कारण त्याचं बहुधा बरोबर असायचं.

उंच, काटकुळा माणूस. पँटचा उजवा पाय चेनीत अडकू नये म्हणून दुमडून रबरानं बांधलेला. सीटखालच्या पेटीत बाकीचे रिक्षावाले पाना आणि पंप ठेवतात. रुपरावच्या पेटीत त्यांच्या जोडीला फडक्यात बांधलेले पोळीचे तुकडे असायचे. ते कुत्र्यांसाठी.

त्याचं एक कुत्रं होतं, स्टँडवर रिक्षाखाली बसणारं. एके दिवशी तो सवारी घेऊन गेला, कुत्र्याला खांबाला बांधून गेला, आणि परत आला तेव्हा खांबाला दोरी तेवढी होती. कुत्रे पकडून मारायला नेणारी गाडी येऊन गेली होती. "सुटं असतं तं पळालं असतं बाई. म्याच बांधलं होतं." एवढंच तो त्याबद्दल बोलायचा. तेव्हापासून गाडी कोणत्या मोहल्ल्यात निघाली याची बातमी तो स्टँडवरच्या लोकांकडून काढायचा आणि गाडीच्या आधी तिथे पोचून एखादं-दुसरं कुत्रं उचलून आणायचा.

ती सगळी कुत्री उनाड का असतात, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "म्हातारं कुत्रं गाडीचा आवाज ओळखते, बोळीत घुसते. जे खेळकर हाय तेच सापडते. त्याले वाटते, कोणी आपल्याशी खेळाले आलं."

अशी ही खेळकर मंडळी इंदोऱ्याला त्याच्या दोन खोल्यांच्या घरात जमा व्हायची आणि मग त्यांना घरं शोधायची. आता मला सांगा, उधळणारं कुत्रं कोण घेतो? लोकांना चोरावर भुंकणारं आणि दूधवाल्यावर न भुंकणारं कुत्रं हवं असतं. रुपरावला यावरची युक्ती अपघातानं सापडली. धरमपेठेत एका घरी कुत्रं दाखवायचं होतं, पण वाटेत सवारी मिळाली. सीटवर सवारी बसली, कुत्रं मागे दोरीनं पळत आलं. त्या घराच्या अंगणात पोचताच ते सावलीत आडवं झालं, डोळे मिटले, पंजावर हनुवटी ठेवली. घरच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, किती शांत आहे हो!"

तेव्हापासून तो प्रत्येक कुत्र्याला पळवतच न्यायला लागला. माझ्या भाषेत सांगायचं तर थकवा हा त्याच्या कुत्र्यांचा मेकअप होता. दुसऱ्या दिवशी मेकअप उतरायचा. काही लोक बोंबलत यायचे. रुपराव हात जोडून कुत्रं परत आणायचा. पण बऱ्याच जणांना तोवर जीव लागलेला असायचा. "घरात गेलं की जमते बाई. पहिला दिवस निंगला पाहिजे."

त्याची बायको तुळसाबाई जरीपटक्याच्या बाजारात भाजी विकायची. तिला हे अजिबात पटत नसे. मी घरी गेले की ती माझ्यासमोरच त्याला सुनवायची.

"लोकं पोरी उजवतात, हे कुत्रे उजवून राहिले. आन् तेही खोटं सांगून."

"खोटं कुठं वं? म्या काही बोलतच नाही. लोकं आपल्या मनानं समजतात."

"न बोलता खोटं बोलनं त्याहून वाईट. रोज सकाळी पाच शील कोनासाठी म्हनता मंग?"

त्यांच्या घरी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर रोज पंचशील म्हटलं जायचं. छप्पन साली रुपराव आपल्या बापासोबत, धोंडबासोबत, पांढरे कपडे घालून दीक्षेला गेला होता. नवीनच मिसरूड फुटलेलं होतं तेव्हा. त्या दिवशी घेतलेल्या पाचांतलं पहिलं शील त्यानं सर्वांत मनावर घेतलं होतं: जीव घ्यायचा नाही. चौथं खोटं न बोलण्याचं. तो तुळसाबाईला म्हणायचा, "पहिलं पाळासाठी चौथ्याले जरासं सरकवलं तं काय झालं?"

तुळसाबाई मिरच्या निवडता निवडता म्हणाली, "शील म्हंजे काय सवारी हाय का, जरा सरका म्हनाले?"

मी खो खो हसले. रुपरावही हसला. शुक्री येण्याच्या आधीचं हे हसणं आहे.

शुक्री शुक्रवारी सापडली म्हणून शुक्री. पिवळी, काळ्या तोंडाची, एक कान उभा आणि एक पडलेला. तिच्यात इतका दम होता की तिच्यासमोर मेकअप चालेना. रुपराव तिला इंदोऱ्याहून सदरपर्यंत पळवत आणायचा आणि ती स्टँडवर येऊन सगळ्यांच्या अंगावर उड्या मारायची. चंपतराव नावाचा त्याचा जोडीदार रिक्षावाला म्हणायचा, "रुप्या, हिले पुढं जुंप आन् तू मांगं बस."

त्याच सुमारास कोणीतरी त्याला प्रताप नगरच्या दादाजी वैरागड्यांचं नाव सांगितलं. दादाजी डाकघरातून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली. तिकडे तेव्हा प्लॉटच जास्त आणि घरं कमी, संध्याकाळी चिटपाखरू नसायचं. त्यांची मुलगी जया भिलाईला दिलेली होती. बाबांना सोबतीला एक गरीब कुत्रं मिळालं तर बरं, असं तिनं चार लोकांना सांगून ठेवलं होतं.

रुपरावनं त्या दिवशी शुक्रीला सरळ नेलं नाही. सकाळपासून जेवढ्या सवाऱ्या मिळाल्या तेवढ्या घेतल्या, आणि प्रत्येक सवारीमागे तिला पळवलं. दुपारी प्रताप नगरला पोचेपर्यंत तिची जीभ जमिनीला लागत होती. दादाजींच्या पायरीवर तिनं डोकं टेकलं आणि ती तिथेच झोपली.

दादाजी काठी टेकत बाहेर आले. त्यांचा एक पाय पूर्वीपासून अधू होता. ते पायरीवर बसले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "उधळत तर नाही ना ही? माझा पाय असा आहे. खरं सांग बाबा."

आजवर रुपराव न बोलता निभावून न्यायचा. इथे माणसानं तोंडावर विचारलं होतं. गाडी त्याच हप्त्यात इंदोऱ्यात येणार होती, घरात कुत्री मावत नव्हती, आणि शुक्रीला दुसरं कोणी घेणार नव्हतं.

"नाही जी," तो म्हणाला. "गाय हाय, गाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी दादाजी तिला फिरायला घेऊन निघाले. गाय म्हटल्यावर माणूस निर्धास्त असतो. दोरी त्यांनी काठीच्या मुठीला बांधली होती, म्हणजे एक हात मोकळा राहील. समोरून डुकरं आडवी गेली. शुक्री उधळली, काठी गेली, काठीसोबत दादाजी गेले. रस्त्याकडेच्या नालीत पडले आणि चांगला होता तो पाय मांडीत मोडला.

ही बातमी स्टँडवर चंपतरावनं आणली, कारण दवाखान्यात त्यांना त्याच्याच रिक्षातून नेलं होतं. "रुप्या," तो लांबूनच ओरडला, "तुया गाईनं म्हाताऱ्याले पाडलं ना गा!" सगळे हसले. पाय मोडल्याचं त्यानं नंतर सांगितलं, आणि मग कोणी हसलं नाही.

त्या दिवसापासून चेन तपासणं सुरू झालं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. माझी एक जुनी मैत्रीण प्रताप नगरला राहायला गेली, मी तिच्याकडे न्यायला सांगितलं, आणि रुपराव वाकला.

"रुपराव, चेन बरी आहे."

"ढिली वाटून राहिली."

"काहून जायचं नाही तिकडे?" मी त्याच्याच बोलीत विचारलं. एरवी मी असं बोलले की तो हसायचा.

तो फुटपाथवर बसला आणि त्यानं मला सगळं सांगितलं. पळवलेल्या सवाऱ्या, पायरी, 'खरं सांग बाबा', 'गाय हाय गाय', सगळं. सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, रिक्षाच्या चाकाकडे पाहत होता. शेवटी म्हणाला, "चंपत सांगते, जयाताई भिलाईहून आली हाय. कुत्रीले गाडीत द्याचं म्हनते. म्हातारा अजून नाही म्हनून राहिला. किती दिवस म्हनन?"

"मग जा आणि घेऊन ये तिला."

"कोनत्या तोंडानं जाऊ? तो इचारन तं काय सांगू?" मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमी चाला बाई. तुमाले बोलता येते. मी मांगं उभा राहीन."

यापेक्षा मोठी दाद मला आयुष्यात क्वचित मिळाली असेल. मी निघाले. वाटभर वाक्यं जुळवत होते. शंकर नगर ओलांडेपर्यंत भाषण तयार झालं: आरंभ नम्र, मधे थोडा विनोद, शेवटी गळा दाटलेला. मागे बसून मोठ्यानं दोन तालमीही केल्या. रुपरावनं या वेळी कोणताच निकाल दिला नाही.

रिक्षा फाटकाशी थांबली तशी मागच्या पेरूच्या झाडाला बांधलेली शुक्री ओरडायला लागली. तिनं घंटीचा आवाज ओळखला होता. दोरी ताणून, मागच्या दोन पायांवर उभी राहून ती नाचत होती. ते पाहून रुपरावनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

जयाताईंनी दार उघडलं. "तुम्हीच का ते गाय आणून देणारे?" एवढंच म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

दादाजी समोरच्या खोलीत खाटेवर होते. पाय प्लास्टरमध्ये, उशांवर ठेवलेला. मी तोंड उघडलं तोच त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, रुपराव ना तू? ये, ये, आत ये. जया, चहा ठेव. बरं झालं आलास. मला तुलाच एक विचारायचं होतं."

रुपराव उंबऱ्याच्या बाहेरच चपला काढून उभा होता.

"तू आणलीस तेव्हा किती गरीब होती रे ती," दादाजी म्हणाले. "पायरीवर डोकं ठेवून झोपली होती. माझ्याकडे येऊन अशी कशी झाली? मी तिला शिळं घातलं नाही, हात उगारला नाही. पण काहीतरी चुकलंच असेल माझं. जया म्हणते, गाडीला दे. मी म्हणतो, चांगलं जनावर माझ्या हाताखाली बिघडलं, त्याची शिक्षा त्याला कशी द्यायची? तुला कुत्र्यांचं कळतं. सांग, काय चुकलं माझं?"

माझं भाषण त्या क्षणी कुठे गेलं मला ठाऊक नाही. नम्र आरंभ गेला, विनोद गेला. प्रवेश माझा नव्हताच.

मागून रुपराव बोलला. आवाज इतका खाली की दादाजींना मान पुढे करावी लागली.

"तुमचं काही नाही चुकलं जी. ती पयलेपासूनच तशीच हाय. म्या त्या दिवशी तिले सकाळपासून पळवलं होतं. दमवून आनलं. तुमी इचारलं तवा मी खोटं बोललो."

स्वयंपाकघराच्या दारातून जयाताई म्हणाल्या, "ऐकलंत बाबा? या माणसासाठी तुम्ही माझ्याशी भांडत होतात. आता तरी बोलावू ना गाडी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की रुपरावनं काय केलं होतं. शुक्री आजवर वाचली होती ती दादाजींच्या त्या गैरसमजावर. तो त्यानं आत्ताच स्वतःच्या हातानं काढून घेतला होता. त्याच्याही लक्षात आलं असावं. त्यानं दाराची चौकट धरली.

दादाजींनी कोपरावर रेलून रुपरावकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "मी विचारलं होतं तुला."

"हो जी."

"खरं सांग, असंही म्हटलं होतं."

"हो जी."

"पायाचं काही नाही. पाय जुळेल, नाही जुळेल. इतके दिवस मी इथे पडून स्वतःचाच दोष शोधत होतो रे." ते थांबले. "जया, दोरी सोडून त्याच्याकडे दे. गाडीबिडी नाही. खोटं तिनं नाही सांगितलं."

आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आत चहा उतू गेल्याचा वास येत होता. तो उतरवायला कोणी गेलं नाही.

येताना रुपरावनं शुक्रीला पळवलं नाही. तिला माझ्या शेजारी सीटवर बसवलं. तिनं माझ्या साडीवर पंजे पुसले, पर्सचा पट्टा चावला, दोनदा उडी मारायला निघाली. मी तिला दोन्ही हातांनी कवटाळून बसले. सदर आलं. मी उतरताना रुपराव म्हणाला, "म्हाताऱ्यानं शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं."

पुढे मला तुळसाबाईनंच सांगितलं. सकाळी घरात किंवा पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना तो तीन शीलं खणखणीत म्हणायचा, चौथ्याला गप्प राहायचा आणि पाचव्याला पुन्हा सुरू करायचा. "मी म्हनलं, म्हना की जी, म्हटल्याशिवाय कसं होईन? तं म्हनते, तोंडातून निंगत नाही वं." टोमणे मारणारी तुळसाबाई हे सांगताना टोमणा मारत नव्हती.

कुत्री आणणं त्यानं थांबवलं नाही. दाखवायची रीत मात्र उलटी केली. आता कुत्रं रिक्षात बसून, रात्रभर झोपून ताजंतवानं होऊन जायचं. अंगणात पोचला की रुपराव दोरीच सोडून द्यायचा आणि हात बांधून उभा राहायचा. "पयले पाहा जी. मंग बोला." धंतोलीत एका वकिलांकडे कुत्र्यानं वाळत घातलेले पापड तुडवले आणि वकीलसाहेबांचं धोतर तोंडात धरून फाटकाबाहेर गेलं. दार बंद झालं. अशी पुष्कळ दारं बंद झाली. इंदोऱ्याच्या घरात कुत्र्यांची गर्दी झाली. तुळसाबाई माझ्याकडे येऊन म्हणायची, "बाई, आता घरात मानसं पाहुणी झाली," पण पळवून न्या असं तिनं एकदाही म्हटलं नाही.

शुक्रीला कळमेश्वरकडच्या भैयाजींनी नेलं. त्यांची संत्र्याची बाग होती. ते सदरला आले असताना रुपरावनं त्यांना गाठलं. मी तिथेच उभी होते.

"हे कुत्रं एका जागी थांबत नाही," रुपराव म्हणाला. "दोरी तोडते. वस्तू चावते. हिच्यापायी एका म्हाताऱ्या मानसाचा पाय मोडला. हिच्यापायी म्हनजे, माझ्यापायी." आणि त्यानं त्या अनोळखी माणसाला सगळी हकिगत सांगितली. कोणी विचारली नव्हती.

भैयाजींनी ऐकून घेतलं, शुक्रीकडे पाहिलं. ती तेवढ्यात चंपतरावच्या रिक्षाची गादी ओढत होती. "माझ्या बागेत वानरं लय मातली हायत," ते म्हणाले. "त्यायचे पाय मोडू दे."

शुक्री सुखात राहिली. भैयाजी भेटले की तिचं कौतुक सांगायचे. रुपराव ऐकायचा, मान हलवायचा, आणि प्रताप नगरची सवारी आली की चेनीकडे वाकायचा.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी तालमीला निघाले होते. स्टँडवर दादाजी काठी टेकत येताना दिसले. आता दोन्ही पायांनी लंगडत होते. नंबर चंपतरावचा होता, त्याची रिक्षा पुढे लागलेली होती. दादाजी तिच्या बाजूनं पुढे गेले.

"दादाजी, नंबर माझा हाय ना!"

"माहीत आहे," ते म्हणाले आणि रुपरावच्या रिक्षापाशी थांबले. "प्रताप नगर."

रुपराव वाकलेलाच होता. हात चेनीवर.

"चेनीला काही झालं आहे का?"

"नाही जी."

"ब्रेक?"

रुपरावनं चेनीवरचा हात काढला आणि वर पाहिलं. "पुढचा बरा हाय. मांगचा ढिला हाय. उताराले धरत नाही."

"मग उतारावर खाली उतर आणि हातानं धरून ने." दादाजींनी काठी आधी आत ठेवली, टपाची दांडी पकडली आणि चढायला लागले. त्यांना कष्ट पडत होते. हात द्यावा म्हणून रुपरावचा हात अर्धा पुढे गेला आणि तिथेच राहिला. दादाजी स्वतःच चढून बसले. रिक्षा निघाली, हळू, जशी आजारी माणसाची निघते तशी. मी दुसऱ्या रिक्षानं तालमीला गेले. त्या दिवशी माझे संवाद सारखे चुकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जरा लवकरच स्टँडवर गेले. रुपराव पाना घेऊन मागच्या चाकाशी बसला होता.

"काय म्हणाले काल दादाजी?"

"काही नाही म्हनले. फाटकापाशी उतरले, आत गेले."

"माफ केलं का?"

"म्या इचारलं नाही बाई," तो म्हणाला आणि मागचा ब्रेक आवळायला लागला.